ढगफुटी की अतिवृष्टी? मथळ्यातला एक शब्द आणि त्यामागचे मिलिमीटर

काही वर्षं मी एका दैनिकाच्या जिल्हा पानाचं काम पाहत होतो. पावसाळ्यात तालुक्याच्या वार्ताहराचा रात्री फोन यायचा, "सर, ढगफुटी झालीय." किती पाऊस झाला विचारलं की म्हणायचा, "आकडा सकाळी मिळेल, पण ओढ्याला असं पाणी म्हाताऱ्या माणसांनीपण पाहिलं नव्हतं." पान सोडायची वेळ झालेली असायची. मग मथळ्यात "ढगफुटीसदृश पाऊस" जायचा. हा "सदृश" मी स्वतः कितीतरी वेळा लावला आहे आणि आता त्याचं वाईट वाटतं. पूर कशामुळे आला आणि त्याचा जाब कुणाला विचारायचा, हे वाचक याच एका शब्दावरून ठरवतो.

ढगफुटीत ढग काही फुग्यासारखा फुटत नाही. उंच वाढलेल्या क्युम्युलोनिम्बस, म्हणजे गडगडाटी पावसाच्या ढगात खालून वर जाणारे हवेचे झोत इतके जोरदार असतात की थेंब वरच तोलले जातात, मोठे होत राहतात. झोत कमी पडला की ते सगळं पाणी थोड्या वेळात, थोड्या जागेवर कोसळतं. साधारण २० ते ३० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एका तासात १०० मि.मी. किंवा त्याहून जास्त पाऊस झाला, तर त्याला ढगफुटी म्हणतात. २५ चौरस किलोमीटरवर १०० मि.मी. म्हणजे तासाभरात २५० कोटी लिटर पाणी.

अतिवृष्टी हा आपल्याकडे मुख्यतः महसुली शब्द आहे. महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मि.मी.पेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात, त्यावर पंचनाम्यांचे आदेश निघतात आणि पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत मिळते. हवामान खात्याची भाषा वेगळी. तिथे ६४.५ मि.मी.पासून "मुसळधार", ११५.६ पासून "अति मुसळधार" आणि २०४.४ च्या पुढे "अत्यंत मुसळधार". म्हणजे तहसीलदाराची अतिवृष्टी आणि वेधशाळेचा मुसळधार पाऊस जवळपास एकाच आकड्यावर सुरू होतात. बातमीत हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले की शेतकऱ्याचा गोंधळ उडणारच.

दोन्हींतला खरा फरक घड्याळाचा आहे. ढगफुटी तासावर मोजतात, अतिवृष्टी दिवसावर. साध्या पर्जन्यमापकाची नोंद सकाळी साडेआठला होते आणि ती मागच्या २४ तासांची असते. तिथे १३० मि.मी. लिहिलेले दिसले, तर ते दिवसभर झिरपत पडले की संध्याकाळच्या एका तासात, हे त्या आकड्यावरून कळत नाही. तासातासाची नोंद ठेवणारं यंत्र जवळपास नसेल, तर "ढगफुटी झाली" असं छापायला आधारच नसतो.

एकाच शहरात, एकाच दिवशी दोन्ही कशी दिसतात हे मुंबईने २६ जुलै २००५ ला पाहिलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मि.मी. पाऊस झाला, त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत आणि एका तासात तर सुमारे १९० मि.मी. त्याच २४ तासांत कुलाब्याची नोंद होती फक्त ७३ मि.मी. कुलाब्यात जेमतेम अतिवृष्टी, वीस-पंचवीस किलोमीटरवर ढगफुटीच्या व्याख्येच्या कितीतरी वरचा पाऊस.

तिथे ढगफुटी शब्द चुकीचा नव्हता, पण तेवढ्यावर बातमी संपत नव्हती. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची यंत्रणा तासाला २५ मि.मी. पावसासाठी, तीही ओहोटी असताना, बांधलेली होती. ती क्षमता ५० मि.मी. करावी, असं मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच, म्हणजे बारा वर्षं आधी, सांगितलं होतं. त्या दुपारी समुद्राला भरती होती आणि मिठी नदीचं पात्र भराव आणि बांधकामांनी आवळलेलं होतं. १९० मि.मी. कुठल्याच गटाराने पेलले नसते, हे खरं. पण बारा वर्षं अहवालाचं काय झालं, हा प्रश्न आकाशाला विचारता येत नाही.

उलटं उदाहरण २०२१ चं. २२ जुलैच्या सकाळपासून २४ तासांत महाबळेश्वरला सुमारे ५९४ मि.मी. पाऊस झाला. याच पावसात चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली. ५९४ ला २४ ने भागलं तर तासाला सरासरी २५ मि.मी. येतात. एखाद्या तासात जास्त पडला असेलही, पण डोंगराची माती भिजून सुटायला तो एक तास लागत नाही, न थांबणारा पाऊस पुरतो.

हा फरक इशाऱ्यापर्यंत जातो. मोठ्या भागावरच्या मुसळधार पावसाचा अंदाज हवामान खातं दोन-चार दिवस आधी देऊ शकतं. ढगफुटी नेमक्या कुठल्या गावावर होईल, हे इतक्या आधी सांगता येत नाही. ढगांवर नजर ठेवणाऱ्या डॉप्लर रडारवर ढग वाढताना दिसला तर फार तर काही तासांची सूचना मिळते. म्हणून इशारा आलेला असताना झालेल्या अतिवृष्टीला आपण ढगफुटी म्हटलं, की ज्यांनी गावं वेळेवर हलवायला हवी होती त्यांना "हे अचानक झालं" म्हणायची सोय आपण करून देतो. माझ्या मते पावसाच्या बातमीतली सर्वांत मोठी चूक हीच.

पुण्यात २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने भिंती पाडल्या, माणसं आणि गाड्या वाहून नेल्या. शहरातला ओढा आहे तो, त्याला पाणी येणारच. पाऊस किती झाला याइतकंच त्याच्या पात्रात काय काय उभं राहिलं होतं, ते कधी आणि कुणाच्या परवानगीने, हे बातमीत यायला हवं.

आणि शेतकऱ्यासाठी आणखी एक गोष्ट. राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पातून महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसवली आहेत. पण ढग मंडळाची हद्द पाहून बरसत नाही. केंद्र असलेल्या गावात ६० मि.मी. आणि पाच किलोमीटरवरच्या शिवारात त्याच्या दुप्पट, असं होऊ शकतं. ६५ मि.मी. पाऊस म्हणजे एकरावर दोन लाख साठ हजार लिटरच्या आसपास पाणी. ते ज्याच्या सोयाबीनमध्ये उभं आहे, त्याला केंद्राचा आकडा दाखवून परत पाठवलं जात असेल, तर ते केंद्र कुठे आहे आणि त्या रात्री चालू होतं का, हे वार्ताहरानेच जाऊन पाहावं लागतं.

रात्रीच्या फोनवर "ओढ्याला मोठा पूर, पावसाचा आकडा अद्याप मिळालेला नाही" एवढं लिहिलं तरी चालतं. तो वार्ताहर बरोबरच सांगायचा, आकडा सकाळी मिळायचा. दुसऱ्या दिवशीच्या पानावर आम्ही त्या आकड्याला जागा ठेवत नव्हतो.