पोलाद न वितळवता जोडलेली सायकल

जुनी काळी, दांड्याची सायकल कुठे उभी दिसली तर हँडलखालचा सांधा जवळून पाहा. नळ्या जिथे एकत्र येतात तिथे त्यांच्यावर एक जाडसर, कडा कोरलेली बाही चढवलेली दिसेल. कारागीर तिला ‘लग’ म्हणतात. नळी लगमध्ये सरकवलेली असते आणि दोघांच्या मधल्या फटीत पितळेचा पातळ थर असतो. तोच त्यांना धरून ठेवतो. पोलाद यात कुठेही वितळलेलं नसतं. घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये स्वतःच्या मापाची फ्रेम बनवता येते, ती मुख्यतः यामुळेच.

अॅल्युमिनियमचं तसं नाही. फ्रेमसाठी वापरला जाणारा ६०६१ हा मिश्रधातू वेल्ड केला की सांध्याजवळची त्याची ताकद बरीच उतरते. ती परत आणायची तर अख्खी फ्रेम सुमारे ५३० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड करायची आणि मग कमी तापमानाला काही तास ठेवायची. एवढी भट्टी घरात कोण बाळगणार? म्हणून हौशी कारागीर पोलादाकडे वळतो, बहुतेक वेळा क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या ४१३० पोलादाकडे.

इथे एक गैरसमज हटकून भेटतो: महाग पोलादाची फ्रेम जास्त ताठ असते. तसं नसतं. साधं पोलाद घ्या किंवा भारीतलं, त्याचा ताठपणा जवळपास तेवढाच, सुमारे २०० गिगापास्कल. फरक असतो तो ताकदीत, म्हणजे कायमचं वाकण्याआधी धातू किती ताण सोसेल यात. ताकद जास्त असेल तर नळीची भिंत पातळ ठेवता येते, वजन घटतं. ताठपणा हवा असेल तर व्यास वाढवावा लागतो, कारण भिंत तेवढीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. २५.४ मिमीऐवजी २८.६ मिमीची नळी घेतली की तो चाळीस टक्क्यांहून जास्त वाढतो. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. ताण आणि सांध्याची आच दोन्ही टोकांनाच जास्त, मग मधलं वजन उगाच का वाहायचं? आजही ०.८-०.५-०.८ मिमी भिंतीच्या नळ्या सर्रास मिळतात.

नळ्या आणण्याआधी कागदावर कोन ठरवावे लागतात आणि त्यातला सगळ्यात नाजूक कोन हँडलच्या नळीचा. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं तो खाली वाढवला तर जमिनीला एका बिंदूत भेटतो, टायर मात्र त्याच्या थोडं मागे टेकतं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. चाकाची त्रिज्या ३३६ मिमी, पुढच्या चिमट्याचा बाक ४५ मिमी आणि कोन ७३ अंश धरला तर ट्रेल साधारण ५६ मिमी येतो. कोन ७२ केला की तो ६२ च्या आसपास जातो. एका अंशाने सायकलचा स्वभाव बदलतो: ट्रेल वाढला की ती सरळ जायला बघते, कमी झाला की चटकन वळते. पण निव्वळ ट्रेलमुळेच सायकल सावरते असंही नाही. ट्रेल आणि चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम, दोन्ही काढून टाकलेली एक प्रायोगिक सायकल स्वतःहून तोल सावरू शकते, हे २०११ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झालं. सायकल का पडत नाही याचं एका वाक्यातलं उत्तर अजून तरी कोणाकडे नाही.

आता कानस. एक नळी दुसरीला जिथे भिडते तिथे तिचं टोक दुसरीच्या गोलाईला चपखल बसेल असं कापावं लागतं. दोन्ही व्यास आणि मधला कोन दिला की ही वक्र रेषा गणिताने कागदावर काढता येते. तो कागद नळीला गुंडाळायचा, खूण करायची, करवतीने कापायचं आणि अर्धगोल कानसीने घासत जायचं. प्रकाशासमोर धरल्यावर सांध्यातून उजेड दिसता कामा नये. अननुभवी माणूस आगीला भितो आणि कानसकाम उरकतो. व्हायला हवं त्याच्या उलट.

कारण पुढचं काम फटीच्या भरवशावर चालतं. लग आणि नळी यांच्यामध्ये साधारण ०.०५ ते ०.१ मिमी जागा ठेवतात. एवढ्या अरुंद जागेत वितळलेला धातू केशाकर्षणाने आपोआप ओढला जातो, अगदी गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्धही. फट मोठी झाली की ही ओढ कमी पडते. पितळेचा भरण-धातू ९०० अंशांच्या आसपास वाहतो, चांदीचा ६५० च्या जवळपास, आणि पोलाद वितळायला १४०० च्या वर जावं लागतं. म्हणजे हात थोडा चुकला तरी नळीला भोक पडत नाही.

सोनार डाक लावताना टाकणखार वापरतो, तसाच इथेही फ्लक्स लागतो. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा थर येतो आणि त्याला वितळलेला धातू चिकटत नाही. फ्लक्स तो थर विरघळवतो. शिवाय तो फुकटचा तापमापक आहे: चांदीच्या भरण-धातूबरोबरचा फ्लक्स आधी पांढरा होऊन फुगतो आणि ६०० अंशांच्या आसपास काचेसारखा पारदर्शक होऊन पसरतो. तेव्हा भरण-धातूची सळई टेकवायची. ज्योत सळईवर मारायची नाही, पोलादावर मारायची. भरण-धातू उष्णतेकडे धावतो, म्हणून सळई लगच्या एका कडेला आणि ज्योत दुसऱ्या बाजूला धरली की तो आतून प्रवास करून तिकडे बाहेर येतो. पलीकडच्या कडेवर अखंड चकचकीत रेघ उमटली की सांधा भरला. खोली हवेशीर हवीच, कारण फ्लक्सचा धूर आणि जास्त तापलेल्या पितळेतून निघणारी जस्ताची वाफ दोन्ही घातक.

मागच्या चाकाला धरणाऱ्या बारीक नळ्या दोन्हीकडून बंद होतात. त्यांना आधीच एक बारीक छिद्र पाडून ठेवतात. तापमान ३०० केल्विनवरून ११०० च्या पुढे गेलं की कोंडलेल्या हवेचा दाब जवळजवळ चौपट होऊ पाहतो आणि वितळलेलं पितळ सांध्यातून बाहेर फेकतो.

मग येतं वाकणं. ४० मिमीचा लाल झालेला भाग अर्ध्या मिमीच्या आसपास वाढतो आणि थंड होताना आखडतो. एकाच बाजूने तापवलं तर नळी त्या बाजूला ओढली जाते. म्हणून आधी सगळे सांधे थोडेथोडे टाचून घ्यायचे आणि मग आच समोरासमोरच्या बाजूंना आळीपाळीने द्यायची.

तपासणीला महागडं टेबल नसेल तर दोरा चालतो. मागच्या चाकाचा आस बसतो त्या एका खाचेतून निघून, हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत तो ताणून बांधायचा आणि सीटच्या नळीपासूनचं अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं. एक-दोन मिमीचा फरक असेल तर फ्रेम थंड असतानाच बेताने जोर लावून सरळ करतात. पोलाद हे सोसतं. क्रँक बसते त्या भागाचे आटे मात्र शेवटी टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून साफ करावेच लागतात, आणि तिथे उजव्या बाजूचे आटे बहुधा उलटे असतात हे टॅप लावण्याआधी आठवावं.