पाच सामने, एकही विजय नाही

हंगाम मध्यावर आला की बहुतेक फुटबॉल क्लबांच्या चाहत्यांवर ही वेळ येते. लागोपाठ पाच सामने झाले आणि एकही जिंकलेला नाही. मग कारणांचा शोध सुरू होतो. बचावफळी दमली आहे, ड्रेसिंग रूममध्ये दोन तट पडलेत, मॅनेजरची जादू ओसरली, नवा स्ट्रायकर म्हणजे नुसता पैशांचा चुराडा. यातलं एखादं कारण खरं असेलही. पण कोणाच्या डोक्यावर खापर फोडण्याआधी एक साधं गणित मांडून पाहायला हवं. चाहत्यांना ते सहसा रुचत नाही.

समजा, एक संघ सामन्यागणिक सरासरी दीड गोल करतो आणि एक गोल खातो. असा संघ चांगलाच म्हणायचा. फुटबॉलमध्ये गोल क्वचित होतात, आणि कुठल्याही मिनिटाला होऊ शकतात. अशा विरळ घटनांसाठी फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेलं सूत्र इथे बऱ्यापैकी लागू पडतं. ते वापरलं तर या संघाची एखादा सामना जिंकण्याची शक्यता निघते ४९ टक्के. बरोबरीची २६ टक्के, हरण्याची २५ टक्के. समोरच्यापेक्षा दीडपट सरस असूनही निम्म्याहून जास्त वेळा विजय हुकणार!

आता याच आकड्यांवर ३८ सामन्यांचा अख्खा हंगाम खेळवू. हे सगळं कागदावर, त्यामुळे कोणाचा गुडघा दुखत नाही, कोणाचं कोणाशी भांडण नाही. प्रत्येक सामना नव्याने फासे टाकल्यासारखा. तरीही जवळजवळ निम्म्या हंगामांत या संघाच्या वाट्याला कधी ना कधी लागोपाठ पाच सामने विजयाविना येतात. साधारण तीनपैकी एका हंगामात ओळीने तीन पराभव होतात. संघ तोच, ताकद तीच, काहीही बिघडलेलं नाही. पण बाहेरून पाहणाऱ्याला मात्र स्पष्ट ‘पडझड’ दिसते.

गुणांचंही तसंच (विजयाला तीन, बरोबरीला एक). या संघाला हंगामात सरासरी ६५-६६ गुण मिळायला हवेत. पण नुसत्या नशिबाने त्यात दोन्ही बाजूंना आठेक गुणांचा फरक सहज पडतो. एखाद्या वर्षी ५८, एखाद्या वर्षी ७३. आठ गुण म्हणजे काय, हे पाहायचं तर इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२३-२४ चा गुणतक्ता काढा. ॲस्टन व्हिला ६८ गुणांवर चौथे आले आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेत पोचले. मँचेस्टर युनायटेड ६० गुणांवर आठवे. या दोन संघांत खरा फरक नव्हता, असं मला म्हणायचं नाही. पण गुणतक्त्यातल्या एवढ्या अंतरात ताकद किती आणि दैव किती, हे एका हंगामावरून सांगता येत नाही.

प्रत्यक्षातले प्रतिस्पर्धी कधी तगडे असतात, कधी दुबळे. घरचं मैदान असतं, दुखापती असतात. माझं गणित या सगळ्याकडे काणाडोळा करतं. पण त्याचा रोख चुकत नाही, कारण मूळ गोष्ट आहे गोलांचा दुष्काळ. दोन्ही संघ मिळून सामन्याला अडीच ते पावणेतीन गोल. बास्केटबॉलमध्ये शंभर-शंभर गुण होतात. तिथे दैवाचे चढउतार एकमेकांना खोडून टाकतात आणि सरस संघ वर येतो. फुटबॉलमध्ये एक चेंडू बचावपटूच्या नडगीला लागून आत गेला की तीन गुणांचा हिशेब बदलतो. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेतल्या एली बेन-नाइम आणि सहकाऱ्यांनी पाच खेळांच्या तीन लाखांवर सामन्यांची तुलना केली होती. त्यात कमकुवत संघाने सरस संघाला धक्का देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते इंग्लिश फुटबॉलमध्ये, सुमारे ४५ टक्के. अमेरिकन बास्केटबॉलमध्ये ते ३६ टक्क्यांच्या आसपास होतं.

हे कोडं पहिल्यांदा वहीत उतरवणारा माणूस मोठा वल्ली होता. चार्ल्स रीप हे ब्रिटिश हवाई दलातले हिशेबनीस. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन टाउनचा सामना पाहताना मध्यंतरानंतर त्यांनी वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चढाईची नोंद करायला सुरुवात केली. ते वेड पुढे अनेक दशकं टिकलं. साधारण नऊ फटक्यांमागे एक गोल, हे त्यांच्या नोंदींतून दिसलं. १९६८ साली संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि या खेळात योगायोगाचा वरचष्मा असल्याचं मांडलं. गंमत म्हणजे याच रीपनी एक चुकीचा धडाही दिला. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, तेव्हा चेंडू लांब भिरकावा, असं त्यांचं म्हणणं. पण मुळात बहुतेक चढायाच तीन पासांच्या आत संपतात, मग गोलही त्यांतूनच जास्त होणार! आज प्रत्येक फटक्याला जागा, कोन, अंतर पाहून गोलाची शक्यता जोडली जाते. पेनल्टीला साधारण पाऊण गोल, दुरून मारलेल्या फटक्याला अगदी किरकोळ. अशा बेरजेवरून संघाची खरी चाल नुसत्या निकालांपेक्षा लवकर कळते. पाच सामने विजय नाही, पण संधी भरपूर मिळताहेत, असं असेल तर धीर धरायला जागा आहे.

क्लबचे मालक धीर धरत नाहीत. ते मॅनेजरला काढतात, आणि पुढच्या दोन-चार सामन्यांत निकाल सुधारतात. बघा, बदलाचा परिणाम झाला! नेदरलँड्सचे अर्थशास्त्रज्ञ बास तर वील यांनी तिथल्या लीगच्या १९८६ ते २००४ या काळातल्या नोंदी घेऊन वेगळा प्रश्न विचारला. ज्या क्लबांची घसरण तेवढीच झाली होती पण ज्यांनी मॅनेजर बदलला नाही, त्यांचं काय झालं? तर तेही तसेच सावरले. मॅनेजरची हकालपट्टी होते तीच मुळी तळ गाठल्यावर, आणि तिथून सरासरीकडे परत येणं हे बहुतेकांच्या नशिबी असतं, कोणीही बाकावर बसलेलं असो. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांना हेच आईवडील आणि मुलांच्या उंचीत दिसलं होतं: फार उंच आईवडिलांची मुलं सरासरीच्या जवळ येतात.

वरून खाली येणंही याच नियमातलं. प्रीमियर लीगमधले लेस्टर सिटी २०१४-१५ मध्ये चौदावे होते, पुढच्या वर्षी ८१ गुणांसह विजेते झाले, त्यापुढच्या वर्षी बारावे. विजेतेपदानंतर दहा महिन्यांच्या आत मॅनेजर क्लाउडिओ रानिएरी यांना घरी पाठवलं गेलं. त्यांच्या जागी आलेल्या क्रेग शेक्सपिअर यांनी लीगमधले पहिले पाचही सामने जिंकले. मग तो मॅनेजरचा प्रताप, की परतीचा प्रवास? शिवाय एन्गोलो कांटेसारखा खेळाडू चेल्सीला गेला होता, हे खरंखुरं कारणही होतंच. एका उदाहरणावरून निवाडा करता येत नाही. म्हणून तर अठरा हंगामांच्या नोंदी लागतात.

हे सगळं पटलं तरी काही फरक पडत नाही, कारण शरीराला शक्यतांचं गणित कळत नाही. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची नोंद ठेवली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण इतर दिवसांच्या २.६६ पट होतं, आणि आधीपासून हृदयविकार असलेल्यांना धोका अधिक. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना पेनल्टी शूटआउटपर्यंत गेला, त्या दिवशी आकडा फारच चढला; आणि तो सामना जर्मनीने जिंकला होता! म्हणजे घात दुःखाचा नाही, ताणाचा. जर्मनीच्या सातपैकी सहा सामन्यांना ही वाढ दिसली. सातवा होता तिसऱ्या क्रमांकासाठीचा.

हे राष्ट्रीय संघांचं झालं. क्लबच्या चाहत्यांबद्दल ब्रिटनमधला एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरन यांनी मोबाइल ॲपवरून हजारो लोकांना वेळोवेळी ‘आत्ता किती खूश आहात’ असं विचारून जमवलेली माहिती सामन्यांच्या निकालांशी ताडून पाहिली. आपला संघ जिंकल्यावर तासाभरात मनाचा पारा जेवढा चढतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट तो हरल्यावर उतरतो. हा हिशेब हंगामभर चालवा. आपल्या कागदावरच्या संघाने साधारण १९ विजय आणि ९-१० पराभव दिले, तर सुखदुःखाची वजाबाकी शून्याच्या आसपास येते. चांगल्या संघाच्या चाहत्याची ही कथा. तळाच्या संघांच्या पाठीराख्यांचा ताळेबंद काढायला नको.

यावर मन आपले छोटे उपाय काढतं. रॉबर्ट चिअल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली अमेरिकेतल्या विद्यापीठांत पाहिलं, की आपला संघ जिंकल्यावर सोमवारी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे जास्त विद्यार्थ्यांच्या अंगावर दिसतात. आणि विजय ‘आपण’ मिळवलेला असतो, हरतात ते ‘ते’.

मग तोट्याचा हा व्यवहार माणूस वर्षानुवर्षं का करतो? याला एकच एक उत्तर नाही. मैत्री, सवय, घराण्याचा वारसा हे सगळं त्यात येतं. पण २००३ साली फिओरिलो, टोबलर आणि शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेल्या एका प्रयोगात एक धागा मिळतो. खूण दिसल्यावर रसाचा घोट मिळणार, पण किती खात्रीने, हे ते बदलत होते. घोट नक्की मिळणार किंवा नक्की नाही, असं असताना बक्षिसाच्या अपेक्षेशी जोडलेलं डोपामीन हे रसायन सोडणाऱ्या मेंदूतल्या पेशी वाट पाहण्याच्या काळात शांत राहत. शक्यता अर्धी-अर्धी असली की मात्र त्या काळात त्यांची हालचाल हळूहळू चढत जाई. माकडाच्या पेशींवरून थेट माणसाच्या गॅलरीपर्यंत उडी मारणं धोक्याचं आहे, पण आपल्याला बांधून ठेवते ती अनिश्चितताच, असा अंदाज बांधायला हरकत नाही. एप्रिलमध्ये ज्याच्या क्लबला विजेतेपदाची आशा उरलेली नाही आणि खालच्या विभागात ढकललं जाण्याची भीतीही नाही, तो चाहता हरल्यावर फारसा चिडत नाही, आणि अर्ध्या सामन्यात मोबाइल काढून दुसऱ्याच सामन्याचा स्कोअर पाहत बसतो.