पिवळ्या पानाला काय म्हणायचं?

चार दिवस झड लागून राहिली आणि मामांच्या सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली. मामांनी बांधावरूनच मोबाइलवर टाकलं: ‘सोयाबीन पिवळे’. समोर आले बाजारभाव. यात यंत्राची काही चूक नव्हती. बाजार समित्यांच्या दरपत्रकात सोयाबीनची जातच ‘पिवळा’ अशी छापलेली असते.

मग ‘सोयाबीन पाने पिवळी उपाय’ असं टाकलं. आता येलो मोझॅक या रोगाचे फोटो आले, पांढऱ्या माशीवरच्या औषधांच्या जाहिराती आल्या आणि मामा दुकानाकडे निघालेच. तेवढ्यात माझा फोन गेला. मी विचारलं, “मामा, कुठली पानं? शेंड्याची की बुडाची? आणि शिरा कशा आहेत?” “शेंड्याची. शिरा हिरव्याच आहेत की.” हे शब्द घालून शोधल्यावर लोहाच्या कमतरतेची माहिती वर आली. चुनखडीच्या जमिनीत पाणी साचलं की लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. कोवळी पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोझॅकमध्ये मात्र पानभर हिरवे-पिवळे चट्टे विखुरलेले दिसतात. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. इथे माशीचं औषध मारून पैसेच गेले असते.

रॉबर्ट टेलर या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञाने १९६८ साली प्रश्नाच्या चार अवस्था सांगितल्या होत्या. आधी नुसती आतली हुरहुर असते, मग मनात अर्धवट वर्णन तयार होतं, नंतर नेमका प्रश्न, आणि शेवटी ग्रंथालयाला कळेल अशा बेताने केलेली तडजोड. वाचक काउंटरवर ती तडजोडच घेऊन येतो. चांगला ग्रंथपाल उलटे प्रश्न विचारून त्याला मूळ गरजेपर्यंत मागे नेतो. शोधपेटी सहसा हे करत नाही. १९९८ साली अल्टाव्हिस्टा या तेव्हाच्या शोधयंत्राकडे सहा आठवड्यांत आलेल्या जवळपास १०० कोटी विनंत्या तपासल्या गेल्या. एका विनंतीत सरासरी २.३५ शब्द होते, आणि ७७ टक्के वेळा माणूस एकदाच विचारून थांबला होता. मामा निदान दुसऱ्यांदा तरी वळले!

अडचण शब्दांचीच आहे. जॉर्ज फर्नस आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवलं, की एकाच गोष्टीला दोन माणसांनी आपणहून तेच नाव देण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी असते. शेतकरी ‘हळद्या’ म्हणतो, दुकानदार ‘येलो मोझॅक’, पुस्तक ‘पिवळा मोझॅक विषाणू’. म्हणून शोधताना आपल्या तोंडातला शब्द चालेलच असं नाही. उत्तर लिहिणाऱ्याने कुठला शब्द वापरला असेल, याचा अंदाज बांधावा लागतो.

आणि नाव ठाऊक नसेल, तर डोळ्यांना दिसतं ते लिहावं. ब्रिटिश संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडलेली कल्पना इथे कामी येते: जो शब्द थोड्याच कागदपत्रांत सापडतो, त्याला वजन जास्त द्यायचं. ‘सोयाबीन’ आणि ‘पिवळे’ ढिगाने सापडतात, पण सोयाबीनवरच्या लेखांत ‘शिरा’ हा शब्द मोजक्याच ठिकाणी. त्या एका शब्दाने ढीग चाळला गेला.

मराठीत शोधणाऱ्याच्या वाट्याला आणखी थोडी कसरत येते. पान, पाने, पानं, पानांवर, पानांच्या ही सगळी एकाच शब्दाची रूपं, हे यंत्राला शिकवावं लागतं. रोमन लिपीत टाइप केलं तर ‘ल’ आणि ‘ळ’ यांना सहसा एकच अक्षर मिळतं. मूळ पिवळं पडलंय की मूल, हे यंत्राने आजूबाजूच्या शब्दांवरून ओळखायचं. पहिल्याला शेतीचा सल्ला हवा, दुसऱ्याला कावीळ तपासणारा डॉक्टर.

मामांनी लोह पुरवणारं फेरस सल्फेट फवारलं, आठवड्याभरात नवी पानं हिरवी आली. शेजारच्या रानातल्या अण्णांनी विचारलं, तुम्हाला हे सापडलं कसं? मामा ऐटीत म्हणाले, “काही नाही, शिरा टाकायचं.” अण्णांनी बांधावर बसून तेवढंच टाकलं. रवा किती, तूप किती आणि वेलची कधी घालायची, ते सगळं पहिल्या पानावर आलं.