यूके बायोबँकचा डेटा: अर्ज, कागदपत्रं आणि क्लाउडच्या खर्चाचा अंदाज

यूके बायोबँक म्हणजे ब्रिटनमधल्या लाखो स्वयंसेवकांच्या आरोग्याची आणि जनुकीय माहितीची, संशोधकांसाठीची साठवण. तिच्या डेटासाठी अर्ज करताना सगळं लक्ष परवानगीकडे असतं. परवानगी मिळते, काम सुरू होतं, आणि पहिलं मोठं बिल आल्यावर कळतं की अनुदानाच्या अर्जात क्लाउडसाठी रकानाच ठेवला नव्हता. म्हणून अर्ज आणि खर्चाचा अंदाज ही दोन्ही कामं एकदम हाती घ्या.

२००६ ते २०१० दरम्यान ब्रिटनमधल्या ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख स्वयंसेवकांनी यात नाव नोंदवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांपैकी जवळपास सगळ्यांचे संपूर्ण जीनोम (डीएनएचा पूर्ण क्रम) संशोधकांसाठी खुले झाले. एवढा पसारा स्वतःच्या सर्व्हरवर उतरवणं अशक्यच, आणि आता व्यक्तिनिहाय डेटा बाहेर नेताही येत नाही. काम ‘रिसर्च अ‍ॅनालिसिस प्लॅटफॉर्म’वरच करायचं. डीएनएनेक्सस या कंपनीने बांधलेला हा प्लॅटफॉर्म २०२१ पासून अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर चालतो.

अर्ज कोण करू शकतो?

कुठल्याही देशातला, विद्यापीठातला किंवा कंपनीतला खराखुरा संशोधक. अट एवढीच की संशोधन आरोग्याशी संबंधित आणि लोकहिताचं हवं. आधी स्वतःची नोंदणी होते. त्यासाठी संस्थेचा तपशील आणि संशोधनाचा पूर्वानुभव दाखवावा लागतो. सहकाऱ्यांनाही प्रत्येकी स्वतंत्र नोंदणी करावी लागते. हे शेवटच्या आठवड्यावर ढकललंत तर एकाच्या नोंदणीपायी सगळा गट अडकून बसतो.

मुख्य अर्जात संशोधनाचा प्रश्न, पद्धत, कालावधी, कोणता डेटा हवा त्याचा तपशील आणि सामान्य वाचकासाठी सोप्या भाषेतला सारांश लागतो. हा सारांश पुढे जाहीर होतो, तेव्हा उरकून टाकू नका. मंजुरीनंतर संस्थेसोबत करार होतो. त्यावर तुमची सही चालत नाही. संस्थेच्या अधिकृत सहीदाराची लागते. आपल्या संस्थेत ही सही नक्की कोण करतं, हे आधीच विचारून ठेवा.

डेटाची यादी मात्र सावकाश करा. बायोबँकच्या ‘शोकेस’मध्ये प्रत्येक चलाची (म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बाबीची) माहिती नोंदणीशिवायही पाहता येते. किती जणांची नोंद आहे, मोजणी कधी झाली, सगळं तिथे दिसतं.

पैसे कुठे जातात?

पहिला खर्च प्रवेश शुल्काचा. विद्यार्थी आणि कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांतले संशोधक यांना त्यात सवलत असते. हा आकडा ठरलेला असल्याने त्याची चिंता नाही. चिंता आहे ती मीटरवर चालणाऱ्या खर्चाची: मशीनचे तास, साठवण आणि निकाल बाहेर नेण्याचं शुल्क. बायोबँकने पुरवलेल्या मूळ फाइल्सच्या साठवणीचे पैसे पडत नाहीत, तुम्ही तयार केलेल्या फाइल्सचे पडतात. मधल्या टप्प्यावरच्या ज्या फाइल्स ‘लागतील कदाचित’ म्हणून ठेवल्या जातात, त्यांचं भाडं दर महिन्याला चालूच राहतं.

अंदाज बांधताना एक चूक हमखास होते. चाचणी गुणसूत्र २१ वर घेतात, कारण ते सगळ्यात लहान. आणि आलेल्या खर्चाला २२ ने गुणतात. लांबीच्या हिशेबाने गुणसूत्र १ हे २१ च्या पाचपटीहून मोठं आहे. पहिली २२ गुणसूत्रं मिळून २१ च्या साधारण ६० पट भरतात. म्हणजे गुणक २२ नव्हे, ६० च्या आसपास.

व्यक्तिनिहाय फाइल्सचं गणित आणखी निष्ठुर असतं. समजा, एका माणसाच्या फाइलला ६ मिनिटं लागतात. तासाला १० फाइल्स, म्हणजे ५ लाख माणसांना ५०,००० तास. मिनिटभर वाचवलंत तरी ८,००० हून अधिक तास वाचतात. म्हणून कोड सुधारण्यात घालवलेला आठवडा वाया जात नाही.

पण मंजुरीआधी चाचणी घेणार कशी? ‘१००० जीनोम्स’ प्रकल्पाचा डेटा सगळ्यांना खुला आहे. त्यावर तोच कोड चालवून वेळ आणि मेमरी मोजा, आणि बजेटच्या टिपणात हे मोजमाप जोडा. नुसत्या ‘क्लाउड खर्च: एकरकमी’ या ओळीपेक्षा परीक्षकाला ते जास्त पटतं.

दर मशीनच्या आकारानुसार आणि प्राधान्यानुसार बदलतो. कमी प्राधान्याचं मशीन स्वस्त, पण मध्येच काढून घेतलं जाऊ शकतं. छोट्या तुकड्यांच्या कामाला ते उत्तम. २० तासांच्या सलग कामाला नाही, कारण १९ व्या तासाला तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक जॉब (मशीनला दिलेलं एक काम) सोडताना खर्चाची कमाल मर्यादा घालता येते, ती घालाच. नोटबुकच्या (ब्राउझरमध्ये कोड चालवण्याच्या पानाच्या) सत्राची मुदतही आखडती ठेवा. शुक्रवारी संध्याकाळी ७२ तासांची मुदत टाकून लॅपटॉप मिटला, म्हणून तिकडचं मशीन थांबत नाही.

आणि सगळी रक्कम मुख्य विश्लेषणावर लावू नका. शोधनिबंध नियतकालिकाला पाठवल्यावर तिथले परीक्षक आणखी एक विश्लेषण मागतात, बहुधा तेच सगळ्यात जड असतं. तोवर मधल्या फाइल्स पुसलेल्या असतात. त्या पुन्हा तयार करण्याचा खर्च वेगळ्या ओळीत, पहिल्याच दिवशी लिहून ठेवा.