शिडाचे कापड आणि हँडिकॅप रेटिंग

शिडाच्या नौकांच्या शर्यतीत लहान-मोठ्या, जुन्या-नव्या, निरनिराळ्या बांधणीच्या नौका एकाच वेळी उतरतात. त्यांच्या वेगातला मूळचा फरक वेळेच्या हिशेबात भरून काढण्यासाठी प्रत्येक नौकेला एक आकडा दिलेला असतो. तो आकडा म्हणजे हँडिकॅप रेटिंग. लांबी, वजन, डोलकाठीची उंची, शिडांचे क्षेत्रफळ, पाण्याखालच्या भागाची घडण यांवरून तो ठरतो. शीड कोणत्या कापडाचे आहे, ही बाब मात्र बहुतेक पद्धतींनी हिशेबात घेतलेली नाही. वेगावर कापडाचा परिणाम होतो हे सर्वांनाच मान्य असल्यामुळे हा विषय नाविकांमध्ये कायम वादाचा राहिला आहे.

कापडामुळे शर्यत जिंकता येते, ही जाणीव जुनी आहे. १८५१ मध्ये आइल ऑफ वाइट या इंग्लंडच्या बेटाभोवतीच्या शर्यतीत ‘अमेरिका’ या नौकेने ब्रिटिश नौकांना मागे टाकले. तिची शिडे घट्ट विणीच्या सुती कापडाची होती आणि ती सपाट राहत. ब्रिटिश नौकांची जवसाच्या धाग्याची शिडे सैल पडून फुगत. वीण आवळावी म्हणून त्यांच्यावर पाणी मारावे लागे. १९५० च्या दशकात सुताची जागा डेक्रॉन या पॉलिएस्टर कापडाने घेतली. पुढे पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर धागे चिकटवलेली लॅमिनेट शिडे आली आणि त्यांत केव्हलार, डायनीमा व कार्बन हे धागे वापरले जाऊ लागले. १९९० च्या दशकापासून अखंड शीड साच्यावर घडवण्याची पद्धत रुळली. तीत शिडावर ताण ज्या रेषांनी पडतो त्याच रेषांनी धागे टाकतात.

कापडाचा खरा परिणाम ताणाखाली दिसतो. विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांवरून वळत जातात. जोर येताच ही वळणे सरळ होतात आणि कापड वाढते. तिरक्या दिशेने तर ते आणखी सहज वाढते. म्हणून जोराचा झोत आला की डेक्रॉनच्या शिडाचे पोट वाढते आणि फुगवट्याचा सर्वांत खोल भाग मागच्या कडेकडे सरकतो. वास्तविक जोराच्या वाऱ्यात शीड सपाट हवे असते. फुगलेले शीड नौकेला पुढे ढकलण्याऐवजी बाजूला कलवते. सुकाणू जड होते आणि वारा जिकडून येतो त्या दिशेच्या जवळून जाता येत नाही. केव्हलार किंवा कार्बनचे शीड हा आकार टिकवून धरते. ते वजनाला हलके असल्यामुळे डोलकाठीच्या टोकाकडचा भारही कमी होतो. याचा फायदा मुख्यतः वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वर चढताना, मध्यम ते जोराच्या वाऱ्यात मिळतो. वारा पाठीमागून असताना तो फारसा जाणवत नाही. स्पिनेकर, म्हणजे मागून वारा असताना पुढे लावायचे मोठे फुगीर शीड, तर मुद्दाम नायलॉनचे करतात, कारण झोत पचवण्यासाठी थोडी लवचिकता तिथे उपयोगीच पडते.

मग हा फायदा आकड्यात का धरत नाहीत? आयआरसी या आंतरराष्ट्रीय रेटिंग पद्धतीत शिडांची मापे बारकाईने घेतली जातात, पण त्यांच्या साहित्यासाठी वेगळी वाढ किंवा सूट नाही. अमेरिकेत रूढ असलेल्या पीएचआरएफ पद्धतीत रेटिंग ठरवताना नौका चांगल्या शिडांनिशी, स्वच्छ तळाने आणि कसलेल्या हातांनी चालवली जात आहे असे गृहीत धरतात. शिडे जुनी ठेवली, तर तोटा मालकाचा. ही भूमिका कठोर वाटली तरी तिच्यामागे मोजमापाची खरी अडचण आहे. क्षेत्रफळ फीत लावून मोजता येते, आकार टिकवण्याची क्षमता तशी मोजता येत नाही. चार हंगाम वापरून दमलेल्या कार्बनच्या शिडापेक्षा उत्तम कापलेले कोरे डेक्रॉन सरस ठरू शकते. केवळ कापड पाहून सूट दिली, तर ती नेमकी चुकीच्या नौकेला मिळण्याची भीती राहते.

तरीही पीएचआरएफ चालवणाऱ्या काही स्थानिक संघटना, विशेषतः सहलीच्या नौकांच्या गटात, विणलेल्या पॉलिएस्टरच्या शिडांना प्रति सागरी मैल काही सेकंदांची सूट देतात. हा आकडा किरकोळ वाटतो, पण मैलाला ६ सेकंद म्हणजे २० सागरी मैलांच्या शर्यतीत पूर्ण २ मिनिटे, आणि निकाल अनेकदा याहून कमी फरकाने लागतात. आयआरसीत शर्यतीला लागलेल्या वेळेला नौकेच्या रेटिंगने, म्हणजे एका गुणकाने, गुणतात. तिथे गुणकातला ०.०१० चा फरक ५ तासांच्या शर्यतीत ३ मिनिटांचा होतो.

सूट द्यायची ठरली की सगळे व्याख्येवर येऊन ठेपते. नियमात नुसते ‘पॉलिएस्टर’ लिहिले, तर पॉलिएस्टर धाग्याचे लॅमिनेटही त्यात बसते आणि त्याचे ताणणे साध्या डेक्रॉनपेक्षा बरेच कमी असते. सहलीसाठीच्या काही लॅमिनेटवर दोन्ही बाजूंनी विणलेला पातळ थर असतो. लांबून पाहिले तर ते साधे कापडच वाटते. शिडे बनवणाऱ्या नॉर्थ सेल्स कंपनीचे थ्रीडीआय नॉरडॅक हे शीड पॉलिएस्टरचे आहे आणि त्यात फिल्मही नाही, पण ते विणलेले नसून साच्यावर घडवलेले असते. फक्त ‘फिल्म नको’ म्हणणारा नियम त्याला आत घेतो, ‘विणलेलेच हवे’ म्हणणारा नियम बाहेर ठेवतो. म्हणून धाग्याच्या नावापेक्षा कापड कसे तयार झाले यावर आधारलेली व्याख्या अधिक टिकाऊ म्हणावी लागेल. ती धक्क्यावर उभ्या असलेल्या निरीक्षकालाही हात लावून, उजेडात धरून तपासता येते.

आयआरसीत कापडाशी नव्हे, पण शिडांच्या संचाशी निगडित एक सवलत आहे. संपूर्ण शर्यतीत गुंडाळता येणारे एकच पुढचे शीड वापरणाऱ्या नौकेला, इतर अटी पूर्ण केल्यास, रेटिंगमध्ये थोडी सूट मिळते. एकच शीड हलक्या आणि जोराच्या अशा दोन्ही वाऱ्यांत चालवायचे असल्यामुळे अशा मालकाला कापड निवडताना टिकाऊपणाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

एकाच बांधणीच्या नौकांच्या वर्गांत हा प्रश्न हँडिकॅपने सोडवत नाहीत, थेट बंधन घालतात. लेझर (आता आयएलसीए) या छोट्या नौकेच्या वर्गात ठरलेल्या उत्पादकांचे विणलेल्या पॉलिएस्टरचेच शीड चालते. खर्चाची चढाओढ रोखण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग आहे. मिश्र ताफ्यात तेवढी सक्ती शक्य नसते. तिथे सेकंदांची सूट वाटत बसण्यापेक्षा विणलेल्या शिडांचा गट वेगळा ठेवणे अधिक न्याय्य ठरते, कारण त्यात कापडाची किंमत सेकंदांत करावीच लागत नाही.

प्रत्येक साहित्याची स्वतःची दुखणीही आहेत. केव्हलार उन्हाने कमजोर होते, कार्बनचे धागे वारंवार घडी पडल्याने किंवा फडफडल्याने तुटतात, डायनीमा सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातो आणि लॅमिनेटचे थर सुटतात. डेक्रॉनचा नेमका आकार काही हंगामांत जातो, पण ते शीड त्यानंतरही वर्षानुवर्षे वापरता येते. लांब पल्ल्याच्या सागरी शर्यतीत मधेच शीड फाटले, तर गेलेले तास रेटिंगचा कोणताही आकडा परत देत नाही. म्हणून अशा शर्यतींसाठी अनुभवी नाविक सर्वांत हलक्या कापडाऐवजी एक पायरी जड कापड निवडतात.