दंडाचं हाड मोडल्यावर पहिलं बांधणं: झोळी, यू-स्लॅब की हँगिंग कास्ट

दंडाचं हाड म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचं, डॉक्टर ह्युमरस म्हणतात ते. कोकणात आंब्याच्या नाहीतर माडाच्या झाडावरून पडून, किंवा पावसात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवर घसरून हे मोडतं. पहिले एक-दोन आठवडे सूज असते, तेवढ्यापुरतं काय बांधायचं हा इथला प्रश्न.

म्हातारी माणसं पडली की बहुधा खांद्याजवळ मोडतं, आणि तुकडे फारसे सरकले नसतील तर साधी झोळी पुरते, घरच्यांना मात्र प्लास्टर नाही म्हणजे उपचारच नाही असं वाटत राहतं. हाड मधे मोडलं तर यू-स्लॅब. काखेतून सुरू होऊन कोपराखालून वळून बाहेरच्या बाजूने खांद्यावर चढणारी प्लास्टरची पट्टी, वर झोळी. मोडलेली टोकं बऱ्यापैकी धरते, पण स्लॅब खाली घसरतो आणि आपल्या दमट हवेत काखेतली कातडी ओली राहून सोलवटते, तिथे कापूस जास्त घालावा लागतो.

हँगिंग कास्टमधे हात कोपरात काटकोनात ठेवून मोडलेल्या जागेच्या थोडं वरपासून मनगटापर्यंत प्लास्टर, आणि मनगट गळ्यात अडकवलेलं. त्याच्या वजनाने हाड खाली ओढलं जाऊन सरळ होतं, म्हणून कोपराखाली उशी घ्यायची नाही आणि झोपायचं ते अर्धवट बसूनच, आता हे किती जण पाळणार! तिरकं मोडून आखूड झालेल्या हाडाला ते चालतं, आडवं सरळ तुटलेल्याला नको कारण टोकांमधे फट पडते. हल्ली कमीच वापरतात. सूज उतरली की हाडांचे डॉक्टर ऑगस्टो सार्मिएंतो यांनी १९७७ साली मांडलेला ब्रेस, म्हणजे दंडाभोवती आवळायचं प्लास्टिकचं कवच, घालतात, त्यात कोपर हलवता येतो. वीसेक अंश वाकडं जुळलं तरी या हाताचं काम अडत नाही, खांदा सांभाळून घेतो.

काहीही बांधा, आधी आणि नंतर मनगट वर उचलता येतंय का ते बघायचं, कारण रेडियल नस (रक्ताची नव्हे, मनगट उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू) या हाडाला मागून वळसा घालून जाते आणि मधे मोडलेल्या साधारण दहातल्या एकाचं मनगट लुळं पडतं. बहुतेकांचं काही महिन्यांत आपोआप सुधारतं. हाडवैद्याकडे बांबूच्या कामट्या करकचून बांधून घेतल्या आणि बोटं सुजून काळीनिळी झाली तर मात्र बांधणं लगेच सैल करायचं आणि सरळ हॉस्पिटल गाठायचं, सावंतवाडी-कुडाळकडचे बरेच जण गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात नेतात.