हीरोज ऑफ जिन योंग (व्हिडिओ गेम)

हीरोज ऑफ जिन योंग हा १९९६ साली तैवानमध्ये आलेला, डॉसवर (विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीवर) चालणारा मार्शल आर्ट्सचा रोल प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन त्याला वाढवत न्यायचं. हलुओ स्टुडिओने बनवला, सॉफ्ट-वर्ल्डने बाजारात आणला. जिन योंग (१९२४-२०१८) हे हाँगकाँगचे कादंबरीकार, तलवारबाज, गुरू-शिष्य, पंथापंथांमधली वैरं अशा वुशिया कथा लिहिणारे, चिनी वाचकांच्या घराघरात पोचलेले.

आजच्या काळातला एक पोरगा त्यांच्या जगात जाऊन पडतो आणि परत घरी यायचं तर त्यांच्या १४ कादंबऱ्या शोधून गोळा करायच्या, एवढीच गोष्ट. पण वेगवेगळ्या कादंबऱ्यांमधले, वेगवेगळ्या राजवटींतले लोक इथे एकाच नकाशावर राहतात आणि घरातून बाहेर पडलं की कुठेही जा, कोणी अडवत नाही, हे त्या काळच्या मानाने फार मोठं धाडस होतं. चुकून एखाद्या बलाढ्य माणसाच्या दारात गेलात तर मार खायचा, आधी जपून ठेवलेला खेळ (सेव्ह) उघडायचा, दुसरीकडे वळायचं.

लढाई चौकटींच्या पटावर आळीपाळीने होते, आपल्या टोळीत स्वतःला धरून ६ जण. खरी मजा विद्यांमध्ये आहे. सुरुवातीला हाताशी असते फक्त येछिउछ्वान नावाची ठोसेबाजी, ९व्या पातळीपर्यंत एकदम फुसकी, त्यामुळे बहुतेक जण चांगलं काही मिळालं की ती सोडून देतात, पण जो चिकाटीने १०व्या पातळीला नेतो त्याच्या हातात गेममधल्या जबरदस्त विद्यांपैकी एक येते. तसंच दोन्ही हातांनी वेगवेगळं लढायची विद्या, जिच्यामुळे एका पाळीत दोनदा वार करता येतो, ती बुद्धी कमी असलेल्यालाच शिकता येते. कादंबरीतही साधाभोळा क्वो चिंग ती पटकन शिकतो आणि अतिहुशार ह्वांग रोंगला काही केल्या जमत नाही. म्हणजे बनवणाऱ्यांनी पुस्तकं नुसती चाळली नव्हती, मनापासून वाचली होती, आणि गेम इतका जिवंत वाटतो तो ह्याच्यामुळेच.

वागणुकीचाही हिशोब राहतो. चांगलं वागलात तर शेवटी दुर्जनांशी गाठ, वाईट वागलात तर सज्जन अंगावर येतात.

ह्याच टीमचा आणखी एक वुशिया गेम २००१ मध्ये आला, त्याचं नवं रूप २०१५ मध्ये टेल ऑफ वुशिया नावाने निघालं. मूळ गेमचे मॉड (गेममध्ये फेरफार करून बनवलेली रूपं) आणि नव्याने लिहिलेल्या आवृत्त्या चाहत्यांनी कितीतरी काढल्या.